देवाचे सामर्थ्य आज्ञापालनाच्या मोबदल्यात मिळत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत गेल्या पंधरवड्यात ख्रिस्ती श्रद्धेविषयी दोन पत्रे प्रसिद्ध झाली. धुळ्याच्या एका वाचकांनी लिहिले होते की, ख्रिस्ती लोकांचा देव हा सिंहासनावर बसलेला राजा असून त्याला केवळ हुकूम पाळणारी प्रजा हवी असते, आणि अशा सर्वसमर्थ देवापुढे माणसाच्या स्वतःच्या इच्छेला काही जागाच उरत नाही. त्याला उत्तर देताना आमच्याच भागातील एका ख्रिस्ती बंधूंनी असे प्रतिपादन केले की, जो मनुष्य देवाची आज्ञा पूर्णपणे पाळतो त्याच्या घरी आजार, कर्ज आणि अपयश टिकत नाही. आणि ज्याच्या घरी ते टिकते, त्याने आपल्या आज्ञापालनात खोट कोठे आहे ते शोधावे. पहिल्या पत्राने मी दुखावलो नाही. बाहेरून पाहणाऱ्याला आमची श्रद्धा तशी दिसू शकते, आणि तशी दिसण्यात आमचाही दोष आहे. दुसरे पत्र वाचून मात्र दोन रात्री झोप लागली नाही, कारण त्यातले ते वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, मी माझ्या थोरल्या भावाच्या खाटेशेजारी उभा राहून ऐकलेले आहे.

मी नवापूर तालुक्यातला, मावची बोलणाऱ्या घरातला, तिसऱ्या पिढीचा ख्रिस्ती आहे. नोकरीचा सगळा काळ प्राथमिक शाळेत मराठी शिकवण्यात गेला आणि गेली काही वर्षे आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वडील (जबाबदार ज्येष्ठ) म्हणून सेवा करतो आहे. मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मी घरी, कंदिलाच्या उजेडात, आजोबांच्या मांडीवर बसून ऐकले आणि पुढे स्वतः वाचत गेलो. पत्राखाली माझे नाव छापू नये अशी विनंती आहे, कारण ज्या प्रसंगाविषयी लिहितो आहे त्यातली माणसे आजही एकाच चटईवर बसून उपासना करतात.

दोन्ही पत्रे एकमेकांच्या विरोधात लिहिलेली असली तरी त्यांचा पाया एकच आहे, असे मला वाटते. दोघांनीही देवाचे सामर्थ्य आणि माणसाचे आज्ञापालन हा एक व्यवहार मानलेला आहे. एकाला तो व्यवहार जुलमाचा वाटतो, दुसऱ्याला फायद्याचा. पवित्र शास्त्रात हा व्यवहार आहे का, हे पाहण्यासाठी निर्गमच्या पुस्तकाकडे वळावे लागते, कारण दहा आज्ञा तेथे आहेत. त्या विसाव्या अध्यायात येतात आणि त्यांचे पहिले वाक्य आज्ञेचे नाहीच. ज्याने तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यातून बाहेर काढले तो मी तुझा देव आहे, असे ते सांगणे आहे. त्याआधी चौदाव्या अध्यायात समुद्र दुभंगलेला आहे, सोळाव्यात मान्ना, म्हणजे आकाशातून आलेले अन्न, मिळालेला आहे, सतराव्यात खडकातून पाणी निघालेले आहे. ज्यांना हे सगळे मिळाले ते लोक त्या वेळी फार आज्ञाधारक होते असेही नाही. ते आपला पुढारी मोशे याच्याशी भांडत होते, मिसरातल्या मांसाच्या हंड्यांची आठवण काढत होते, आणि आम्हाला मारायला इथे आणले का, असे विचारत होते. पाणी कुरकुर करणाऱ्यांना मिळाले. आज्ञा त्यानंतर आल्या. हा क्रम उलटा करून कोणी शिकवू लागला की ती शिकवण कितीही मोठ्या आवाजात दिलेली असली तरी मी सावध होतो.

त्याच पुस्तकात दुसऱ्या एका सत्तेचेही वर्णन आहे आणि ते आमच्या भागातल्या वाचकांना चांगले समजेल. पाचव्या अध्यायात फारो राजा इस्राएली मजुरांना विटा पाडण्यासाठी लागणारा भुसा देणे बंद करतो. भुसा तुम्हीच गोळा करून आणा, पण विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये, असा त्याचा हुकूम असतो. आमच्या नंदुरबार जिल्ह्यातून दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणारी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेतात. ती उचल फिटेपर्यंत मुकादम म्हणेल तेव्हा उठायचे, म्हणेल त्या फडात उतरायचे आणि अंगात ताप असला तरी मोळ्या बांधायच्या. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या हजेरीपुढे त्या चार-पाच महिन्यांत ओळीने गैरहजेरीच्या फुल्या पडत, आणि परत आल्यावर त्यांच्या तळहातांवर उसाच्या पात्यांचे बारीक काप दिसत. उचलीपायी ऐकणे म्हणजे काय, हे त्या मुलांना धड्यातून शिकवावे लागत नसे. धुळ्याच्या वाचकांना ज्या आज्ञापालनाची चीड आली आहे ते असे आहे, आणि त्यांची चीड योग्य आहे. माझे म्हणणे एवढेच की, पवित्र शास्त्रात अशी सत्ता फारोची आहे आणि देव त्या सत्तेतून लोकांना बाहेर काढणारा आहे.

ख्रिस्ती श्रद्धेचा आरंभीचा प्रचारक संत पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो, हे मला ठाऊक आहे आणि ते मी लपवू इच्छित नाही. पण ज्या रात्री येशूला धरून नेले त्या रात्री त्याने शिष्यांना सांगितले की, मी तुम्हाला आता दास म्हणत नाही, कारण धनी काय करतो हे दासाला ठाऊक नसते. मी तुम्हाला मित्र म्हटले आहे. पौलाचा 'दास' हा शब्द या वाक्याच्या उजेडात वाचावा लागतो. आणि देवाला आपल्या आज्ञापालनाची गरज तरी कुठे आहे? पन्नासाव्या स्तोत्रात देव म्हणतो की, मला भूक लागली तरी मी तुला सांगणार नाही, कारण जग आणि त्यातले सर्व काही माझेच आहे. ज्याचे सामर्थ्य असे पूर्ण आहे त्याच्या पदरात आपण आज्ञा पाळून काहीही घालत नाही. उचल देणाऱ्याला मजुराची गरज असते, म्हणून तो जुलूम करतो. ज्याला गरजच नाही, त्याने आज्ञा दिली तर ती आपल्यासाठी दिलेली असणार, असे मी समजतो.

मराठीचा शिक्षक म्हणून येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. 'पोरगा ऐकत नाही' असे आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असे कोणी समजत नाही. आपल्या भाषेत ऐकणे आणि मानणे ही एकाच क्रियापदाची दोन टोके आहेत. मूळ इब्री (हिब्रू) शास्त्रातही असेच आहे. तेथला 'शमा' हा शब्द ऐकण्यासाठी येतो आणि आज्ञा पाळण्यासाठीही तोच येतो. 'हे इस्राएला, ऐक' या वाक्याने सुरू होणारी यहुदी लोकांची नित्याची प्रार्थना याच शब्दाने ओळखली जाते. नव्या करारातल्या ग्रीक भाषेत आज्ञापालनासाठी जो शब्द आहे तोही ऐकण्याच्या धातूपासूनच बनलेला आहे. म्हणजे शास्त्राला अभिप्रेत असलेले आज्ञापालन हे प्रथम कान देण्याचे काम आहे, आणि त्यात बोलणारा कोण आहे हे ओळखणे आलेच. आई हाक मारते आणि मूल वळते, तेव्हा ते आईचा आवाज ओळखून वळते. आवाज ओळखण्यात चूक झाली तर ऐकण्याचा गुणच माणसाचा घात करतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही.

माझ्या थोरल्या भावाला आम्ही दादा म्हणत असू. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्याला क्षयरोग झाल्याचे थुंकीच्या तपासणीत निघाले. उपकेंद्रात त्याच्या नावाचा गोळ्यांचा खोका आला; एक दिवसाआड सकाळी तो तेथे जाई आणि आशाताईंसमोर, पत्र्याच्या पाकिटातून एकेक गोळी तळहातावर काढून, पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळून येई. पहिल्या आठवड्यात लघवी केशरी होऊ लागली म्हणून घाबरून तो माझ्याकडे आला होता. औषधाचाच रंग आहे, हे ताईंनी समजावल्यावर पुन्हा कधी तक्रार केली नाही. सहा महिन्यांचे औषध होते. तिसऱ्या महिन्यात खोकला थांबला, अंगावर मांस दिसू लागले, आणि भाताच्या चिखलणीच्या वेळी तो बैलांमागे उभा राहिला तेव्हा माझ्या वहिनीने बांधावर बसून देवाचे आभार मानले. ते आभार खोटे नव्हते. त्या गोळ्यांतही देवाचेच सामर्थ्य होते, असे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

त्याच सुमारास शेजारच्या गावच्या माळावर मांडव घालून चंगाई सभा, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभा, झाल्या. बाहेरून आलेल्या एका उपदेशकांनी दादाच्या डोक्यावर हात ठेवला, मोठ्याने प्रार्थना केली, आणि सांगितले की तू बरा झालास. आता यापुढे गोळी घेणे म्हणजे देवाच्या शब्दावर अविश्वास दाखवणे आहे. दादाने ऐकले. तो ऐकणारा माणूस होता. लहानपणी वडिलांनी एकदा सांगितले म्हणून त्याने आयुष्यात कधी दारूला हात लावला नाही, आणि आमच्या गावात हे सोपे नव्हते. उरलेला खोका त्याने उपकेंद्रातून आणला नाही. आशाताई घरी आल्या तर तो शेतावर निघून जाई. मी त्याच्याशी वाद घातला, पण धाकट्या भावाने घालावा तेवढाच. आठ महिन्यांनी खोकल्यातून रक्त पडले. या वेळी जे निघाले ते नेहमीच्या औषधाला दाद न देणारे होते. अर्ध्यावर सोडलेल्या औषधाने असे होते, हे डॉक्टरांनी मला कागदावर रेघ काढून समजावले. मग सुया सुरू झाल्या, महिनोन्‌महिने, रोज एक. त्या औषधाने त्याच्या कानात आधी किडे किरकिरल्यासारखा आवाज येऊ लागला, आणि पुढे पुढे ऐकूच येईना.

त्या दिवसांत त्या उपदेशकांबरोबर असणारे एक गृहस्थ घरी आले. त्यांनी प्रार्थना केली आणि उठताना सांगितले की, देवाचे सामर्थ्य थांबले आहे त्याअर्थी या घरात कोणती तरी आज्ञा मोडलेली आहे, ती शोधा. दादा त्यांच्या ओठांकडे पाहत होता. ते गेल्यावर त्याने मला विचारले, "काय म्हणाले?" मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन सांगितले, "तुझ्यासाठी प्रार्थना केली." पुढल्या पावसाळ्यात तो गेला.

मी सूड म्हणून हे लिहीत नाही. त्या उपदेशकांचे नाव मी कोठेही घेतलेले नाही आणि घेणार नाही. पण ज्या शास्त्राच्या आधाराने हे बोलले गेले ते शास्त्र याविषयी काय म्हणते, हे सांगणे मला भाग आहे. सैतान येशूला यरुशलेमच्या मंदिराच्या टोकावर नेतो आणि खाली उडी टाक म्हणतो. विशेष हे की, तो शास्त्रवचनच पुढे करतो. देवदूत तुला हातांवर झेलून धरतील, हे एक्याण्णवाव्या स्तोत्रातले अभिवचन तो म्हणून दाखवतो. येशू उडी टाकत नाही. आपल्या देवाची परीक्षा पाहू नको, हे त्याचे उत्तर आहे. मला अनेक वर्षे वाटत असे की हा प्रसंग फार मोठ्या लोकांसाठी आहे. आता वाटते की, विश्वास सिद्ध करण्यासाठी गोळ्यांचा खोका परत करायला सांगणे ही त्याच टोकावरून मारायला लावलेली उडी आहे, आणि ती नाकारणे हे आज्ञापालन आहे.

राजा हिज्कीया मरणाच्या दारात होता तेव्हा देवाने यशया संदेष्ट्याच्या तोंडून त्याला आणखी पंधरा वर्षांचे आयुष्य देण्याचे वचन दिले. इतके स्पष्ट वचन मिळाल्यावर यशयाने काय करावे? त्याने अंजिरांची ढेप आणायला सांगितली आणि ती राजाच्या गळवावर बांधली. वचन देणाऱ्याचा त्या ढेपेमुळे अपमान झाला असे शास्त्रात कोठेही म्हटलेले नाही. शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र, लिहिणाऱ्या लूकला पौल प्रिय वैद्य म्हणतो. आणि आमच्या भागात विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काळात ज्या परदेशी मिशनऱ्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांना प्रार्थना शिकवली, त्यांच्याच मागून दवाखानेही आले. चिंचपाड्याचा ख्रिस्ती दवाखाना आजही चालू आहे, आणि तेथे रुग्णासाठी प्रार्थनाही होते व सलाईनही लागते. आजाऱ्यासाठी प्रार्थना करणे मी सोडलेले नाही. देव डॉक्टरांच्या हिशेबापलीकडे बरे करतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याने केव्हा, कोणाला, कशाने बरे करावे, हे मी त्याला आज्ञा पाळून भाग पाडू शकत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. तसे भाग पाडता आले असते तर सामर्थ्य माझ्याकडे असते आणि आज्ञाधारक तो झाला असता.

दादाच्या घरात कोणती तरी आज्ञा मोडलेली आहे, हे वाक्य शास्त्रात आहे. ते ईयोबाच्या मित्रांच्या तोंडी आहे. ईयोबाची मुले गेली, गुरे गेली, अंग फोडांनी भरले, आणि तो राखेत बसला असताना मित्रांनी त्याला अध्यायामागून अध्याय हेच समजावले की, देव न्यायी आहे त्याअर्थी दोष तुझाच असला पाहिजे. त्यांचे बोलणे ऐकायला फार धार्मिक आहे. बेचाळीसाव्या अध्यायात देव त्या मित्रांना सांगतो की माझा क्रोध तुमच्यावर भडकला आहे, कारण तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. ज्या ईयोबाने देवाला जाब विचारला होता तो यथार्थ बोलला, असा निर्वाळा मिळतो. आपल्या दैनिकात दुसरे पत्र लिहिणाऱ्या बंधूंना मी हात जोडून विनंती करतो की त्यांनी तो अध्याय एकदा सावकाश वाचावा.

मग आज्ञापालनाला काही अर्थच नाही का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. हा वाद जुना आहे. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील बिशप ऑगस्टिन यांनी देवाकडे मागितले होते की, तुला हवी ती आज्ञा कर, पण ती पाळण्याचे बळही तूच दे. ही प्रार्थना ऐकून पेलेजियस नावाचे एक कडक आचरणाचे उपदेशक अस्वस्थ झाले. बळही देवच देणार असेल तर माणूस हातपाय हलवणार नाही, अशी त्यांना भीती वाटली. पुढे इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने पेलेजियसची शिकवण नाकारली. त्यांची भीती अगदीच पोकळ नव्हती, कारण देवाच्या कृपेच्या नावाखाली आळशी राहणारे लोक प्रत्येक मंडळीत असतात. पण ज्याने शेती केली आहे त्याला ऑगस्टिन लवकर कळतात. पाऊस आपण पाडत नाही, बियाण्यात कोंब आपण घालत नाही. तरीही मृग निघाल्यावर तिफण घरात ठेवून कोणी बसत नाही, आणि पीक आल्यावर मी तिफण धरली म्हणून पाऊस पडला असेही कोणी म्हणत नाही.

धुळ्याच्या वाचकांचा मुख्य प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे: सर्वसमर्थ देवापुढे माणसाच्या इच्छेला जागा आहे का? याचे उत्तर ख्रिस्ती श्रद्धेने एका बागेत शोधले आहे. येशूला धरून नेण्याआधी तो गेथशेमाने येथे गेला. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. जैतुनाची झाडे असलेल्या त्या जागी तो जमिनीवर पालथा पडला आणि हा प्याला शक्य असेल तर माझ्यापुढून टळून जावो, असे त्याने पित्याला विनवले. एकदा नव्हे, तीनदा. त्याला मरण नको होते. त्याची स्वतःची माणसाची इच्छा होती आणि ती त्याने बोलून दाखवली. मगच तो म्हणाला की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. थोड्याच वेळाने शिष्य तलवार उपसतो तेव्हा येशू सांगतो की, मी मागितले तर पिता आत्ताच्या आत्ता बारा सैन्यांहून अधिक देवदूत पाठवील. सामर्थ्य हाताशी होते. त्याने ते मागितले नाही. जगाच्या इतिहासात ज्याने पूर्णपणे आज्ञा पाळली असे आम्ही मानतो, त्याचे दुःख आणि मरण टळले नाही. त्याला खिळे ठोकले गेले. दुसऱ्या पत्रातला नियम खरा असेल तर येशूच्या आज्ञापालनातही खोट काढावी लागेल.

या एका प्रार्थनेवरून पुढे फार मोठा वाद झाला. सातव्या शतकात काही धर्मनेते व सम्राट असे म्हणू लागले की येशूमध्ये एकच इच्छा होती, ती देवाची. माणसाची इच्छा त्यात विरून गेली होती. मॅक्सिमस नावाच्या एका वृद्ध साधूने हे मान्य केले नाही. माणसाची इच्छाच नसेल तर बागेत कोण तळमळले आणि कोण 'हो' म्हणाले, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. त्याची जीभ आणि उजवा हात कापण्यात आला, आणि इ. स. ६६२ मध्ये तो हद्दपारीत मरण पावला. पण ६८०-८१ साली कॉन्स्टँटिनोपल येथे भरलेल्या धर्मसभेने त्याचीच बाजू उचलून धरली: ख्रिस्तामध्ये देवाची इच्छा आणि माणसाची इच्छा अशा दोन इच्छा होत्या, आणि माणसाची इच्छा पुसली न जाता देवाच्या इच्छेमागे चालली. धुळ्याच्या वाचकांनी मांडलेला आक्षेप जणू त्या सभेपुढेच आला होता, आणि सभेने निर्णय असा दिला की जेथे माणसाची इच्छा नाहीशी करावी लागते ते आज्ञापालन ख्रिस्ताचे नव्हे.

यातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती आमच्या मंडळ्यांना जास्त लागू आहे. देवाची आज्ञा आणि देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाची आज्ञा या दोन वेगळ्या आहेत. फारोने नवजात मुलगे मारण्याचा हुकूम दिला तेव्हा शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो पाळला नाही, आणि शास्त्राने त्या महाबलाढ्य राजाचे नाव न देता या दोन बायकांची नावे जपून ठेवली आहेत. येशूच्या प्रेषितांनी यरुशलेमच्या यहुदी धर्मसभेला तोंडावर सांगितले की आम्ही माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे; ज्यांना ते हे सांगत होते ते धर्माचेच अधिकारी होते, हे विसरून चालणार नाही. जर्मनीत हिटलरच्या काळात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा, या वचनाचा आधार घेऊन पुष्कळ ख्रिस्ती लोक गप्प बसले. त्या वेळी १९३४ साली बार्मेन येथे जमलेल्या मंडळ्यांच्या प्रतिनिधींनी जाहीर केले की, जगण्यात आणि मरण्यात ज्याचे ऐकायचे व ज्याची आज्ञा पाळायची तो देवाचा शब्द एकटा येशू ख्रिस्त आहे. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले पाळक डीट्रिख बोनहॉफर यांना ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी देण्यात आले. बार्मेनच्या त्या वाक्यात ऐकणे आणि आज्ञा पाळणे हे दोन शब्द एकत्र आलेले आहेत, हे वाचताना मला दरवेळी दादाची आठवण येते.

आमच्या मंडळ्यांतील पाळकांना आणि वडीलजनांना माझी विनंती आहे की, जो कोणी व्यासपीठावरून औषध थांबवण्यास सांगेल त्याला त्याच व्यासपीठावरून, सर्वांसमोर, त्याच दिवशी उत्तर द्यावे. नंतर घरी जाऊन कुजबुजू नये. मी तेव्हा कुजबुजलो होतो. ज्यांच्या घरी आजार टिकला आहे त्यांना पाप शोधण्याच्या कामाला लावू नये. आणि अन्य धर्माच्या वाचकांना विनंती आहे की, आमच्यातल्या अशा प्रकारांवर त्यांनी जरूर टीका करावी, पण ती करताना या श्रद्धेच्या मुळाशी असलेली ती बाग नजरेआड होऊ देऊ नये.

आमच्या गावच्या मंडळीत आता एक रीत पडली आहे. उपासनेनंतर आजारी माणसे पुढे येऊन बसतात तेव्हा पाळक प्रत्येकाला आधी विचारतात, "आजची गोळी घेतली का?" नसेल घेतली तर माझी वहिनी कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरून आणते. गोळी गिळून झाली, की मग पाळक डोक्यावर हात ठेवतात.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक,
नवापूर तालुका, जि. नंदुरबार